पिकते तेथे विकावे कसे? : रत्नागिरीच्या तीन मुक्कामांची आखणी

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीपुढे आम्ही जरा वेगळा विषय ठेवतो आहोत. येत्या उन्हाळ्यात आपल्यापैकी तीस-बत्तीस जणांनी रत्नागिरीला जायचे, तेथे तीन मुक्काम करायचे आणि परत यायचे. हे ऐकताच मागच्या रांगेत कुजबुज सुरू झाली, ती आमच्या कानावर आली. 'कापूस घरात पडून आहे, सोसायटीचे कर्ज डोक्यावर आहे आणि यांना समुद्र पाहायचे डोहाळे लागले!' बोलणाऱ्याचे चुकले नाही. नुसता समुद्र पाहायचा असेल तर त्यासाठी जिल्ह्याची बैठक बोलावण्याचे कारण नाही. ज्याची ऐपत असेल त्याने बायकापोरांना घेऊन खुशाल जाऊन यावे.

आपल्याला जायचे आहे ते एका प्रश्नाचे उत्तर शोधायला. आपल्याकडे म्हण आहे, 'पिकतं तिथं विकत नाही.' आपल्या बापजाद्यांनी ही म्हण सोसून सोसून पाठ केली. पण जगात काही मुलूख असे आहेत की जेथे पिकते तेथेच विकते, आणि चढ्या भावाने विकते. शहरातला माणूस गाडीभाडे खर्चून शेतकऱ्याच्या दारात येतो, त्याच्याकडे राहतो, पैसे मोजून माल घेतो आणि परत गेल्यावर चार लोकांना सांगतो, मी तेथे जाऊन आलो. फ्रान्समधला द्राक्षांचा आणि वाइनचा मुलूख हे त्याचे सर्वांत नावाजलेले उदाहरण. तो मुलूख पाहायला जगभरातून माणसे जातात. आपल्या राज्यात त्याच्या जवळपास जाणारे उदाहरण शोधायचे तर ते रत्नागिरीच्या हापूसचे. फ्रान्सला जाण्याची आपली ऐपत नाही. रत्नागिरीला मात्र आपली एस.टी. जाते.

आधी फ्रान्सचे समजून घेऊ

मायबहिणींना सुरुवातीलाच सांगून टाकतो. दारूच्या दुकानाने गावाचे काय होते हे तुम्हांला कोणी शिकवायला नको. येथे वाइनचे कौतुक करायचे नाही. द्राक्ष पिकवणाऱ्या शेतकऱ्याने आपल्या गावाचे नाव आपल्या ताब्यात कसे आणले, एवढेच पाहायचे आहे.

१८६० नंतरच्या काळात फ्रान्सच्या दक्षिणेत फायलोक्झेरा नावाची कीड आली. ती वेलींच्या मुळांवर जगते. पुढच्या वीस-तीस वर्षांत तिने देशभरच्या बागा वाळवून टाकल्या. औषधांनी काम भागले नाही. शेवटी अमेरिकेतल्या जंगली वेलींचे खुंट आणले, त्यांवर फ्रान्सच्या वेलींची कलमे बांधली आणि बागा नव्याने उभ्या केल्या. मधल्या काळात माल कमी आणि मागणी तशीच. मग व्यापाऱ्यांनी साखर, पाणी आणि मनुके वापरून वाइन तयार केली आणि बाजारात आणली. बागा पुन्हा फळाला आल्या तेव्हा हा बनावट माल बाजारातून हलायला तयार नव्हता. १९०० नंतर भाव असे कोसळले की बागायतदाराला मजुरीसुद्धा सुटेना.

मार्च १९०७ मध्ये लांगदोक भागातल्या आर्जेलिए या खेड्यातून ८७ माणसे नार्बोन शहराकडे चालत निघाली. त्यांच्या पुढे मार्सेलँ आल्बेर नावाचा एक छोटा बागायतदार होता, तो गावात एक कॉफीचे दुकानही चालवी. पुढे दर रविवारी एका एका शहरात सभा होऊ लागल्या आणि प्रत्येक सभा आधीच्या सभेपेक्षा मोठी झाली. ९ जून १९०७ रोजी माँपेलिए शहरात पाच लाखांच्या वर माणसे जमली. सरकारने फौज पाठवली. नार्बोनला गोळीबार झाला, माणसे मेली. तेव्हा सतराव्या पायदळ पलटणीच्या शिपायांनी बंड केले, कारण त्यांतले बहुतेक त्याच मुलखातल्या शेतकऱ्यांचे मुलगे होते. २९ जून १९०७ रोजी भेसळीविरुद्ध कायदा झाला. साखरेच्या वापरावर बंधने आली आणि किती वाइन निघाली हे प्रत्येकाने जाहीर करायचे ठरले.

तेवढ्यावर ते थांबले नाहीत. १९३५ साली नावाचा कायदा झाला. कोणत्या गावाचे नाव कोणत्या शिवारातल्या मालाला लावायचे, कोणत्या जातीची द्राक्षे चालतील, हेक्टरी किती उतारा चालेल, हे नियम ठरवायला बागायतदार, व्यापारी आणि सरकार यांचे प्रतिनिधी असलेली संस्था उभी राहिली. १९३६ साली पहिली नावे या कायद्याखाली आली. त्या शिवाराबाहेरच्या माणसाने ते नाव बाटलीवर छापले की तो गुन्हा.

आणि पाहुणे केव्हा आले? बर्गंडी भागात द्राक्षबागांमधून जाणारा पाहुण्यांसाठीचा रस्ता १९३७ साली आखला गेला. आल्सास भागातला तसाच रस्ता १९५३ सालचा. शेतकऱ्यांच्या घरी पैसे देऊन राहण्याची व्यवस्था देशभर एकत्र बांधणारी संस्था १९५५ साली निघाली. हा क्रम नीट ध्यानात घ्या. आधी माल, मग मालाची शुद्धता, मग नावाचा कायदा आणि त्यानंतर पाहुणा. आपल्याकडे पुढारी सांगतात, शेती परवडत नसेल तर शेतावर दोन खोल्या बांधा, पर्यटक येतील. खोल्या बांधून पर्यटक आले असते तर आपल्या गावातली पडकी समाजमंदिरे कधीच भरली असती.

रत्नागिरीच का?

कोणी म्हणेल, नाशिकला द्राक्षे आहेत, तेथे वाइनही होते, मग नाशिकला का नको? जरूर जावे. पण बारमाही पाण्यावरची बाग पाहून कोरडवाहूवाला फक्त सुस्कारा टाकतो. रत्नागिरीची बाग आपल्याला जास्त जवळची आहे.

आपला समज असा की कोकणात पाऊस धो धो पडतो, तेथल्या शेतकऱ्याला कसली आली कोरडवाहूची चिंता? तेथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणजे आपल्या तिपटी-चौपटीने, हे खरे. पण सगळा चार महिन्यांत, आणि तो पडतो जांभ्या खडकावर. वरची माती वीतभर, कोठे कोठे तीही नाही. पाणी उताराने ओढ्याला आणि ओढ्याने समुद्राला. एप्रिल-मे महिन्यांत त्याच भागातल्या वाड्यांवर बायका हंडे घेऊन विहिरीशी ताटकळत असतात. आपली काळी माती साठवलेल्या ओलीवर रब्बी ज्वारीला कणसापर्यंत नेते. जांभ्याला ते जमत नाही. अशा उघड्या सड्यावर सुरुंगाने खड्डे फोडायचे, दुसरीकडची माती आणून ते भरायचे, त्यांत आंब्याचे कलम लावायचे आणि पहिले काही उन्हाळे पाणी वाहून आणून ते जगवायचे, ही कोरडवाहू शेतीच झाली.

हे एका दिवसात झालेले नाही. आंब्याची कलमे बांधण्याची कला पोर्तुगीजांच्या काळात या किनाऱ्यावर वाढली आणि हापूस हे नावही आफोंसो या पोर्तुगीज नावावरून आले असे मानतात. १९७२ साली दापोलीला कृषी विद्यापीठ स्थापन झाले. १९९० साली रोजगार हमीतून फळबागा लावण्याची योजना आली आणि कोकणातली वरकस जमीन आंबा-काजूखाली येऊ लागली. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या पाच जिल्ह्यांतल्या मालालाच आता हापूस हे नाव लावता येते. यामागे १९९९ सालचा केंद्राचा कायदा आहे.

मग सगळे गोड झाले का? नाही. मुंबई-पुण्याच्या रस्त्यावर 'रत्नागिरी हापूस' म्हणून विकला जाणारा प्रत्येक आंबा रत्नागिरीचा नसतो, हे तेथले बागायतदार वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. बाहेरच्या राज्यातला आंबा येतो, पेटीवर रत्नागिरी लिहिले जाते आणि भाव पडतो. यात परराज्यातल्या शेतकऱ्याला शिव्या देऊ नका. त्यालाही त्याच्या आंब्याचा वाजवी भावच मिळालेला असतो. दोन भावांमधले अंतर खिशात घालणारा माणूस वेगळा असतो आणि तो शिवारात दिसत नाही.

दुसरी गोष्ट. मानांकन जिल्ह्यांना मिळाले, पण कायद्याप्रमाणे प्रत्येक बागायतदाराने 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून आपली वेगळी नोंदणी करावी लागते. ती केली नाही तर नाव चोरणाऱ्याविरुद्ध त्याच्या हातात कायद्याचे हत्यार येत नाही. फ्रान्सचा शेतकरी १९०७ पासून १९३५ पर्यंत अठ्ठावीस वर्षे या नावामागे लागला होता. रत्नागिरीचा शेतकरी त्या वाटेवर कोठपर्यंत पोचला, हे डोळ्यांनी पाहायला आपण जाणार आहोत.

जायचे केव्हा?

मोहोर डिसेंबर-जानेवारीत असतो, तेव्हा आपल्याकडे कापसाची वेचणी असते. ते जमणार नाही. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात आपल्याला वखरणीचे आणि बियाण्याचे वेध लागतात, शिवाय शाळांच्या सुट्यांमुळे गणपतीपुळ्याला पाय ठेवायला जागा नसते आणि खोल्यांचे भाव चढलेले असतात. म्हणून एप्रिलचा मध्य हा काळ आम्ही सुचवतो. रब्बी ज्वारी खळ्यावरून घरात आलेली असते आणि बागेत तोडणी चालू असते. त्यातही सोमवार ते गुरुवार असे दिवस धरावेत. शनिवार-रविवार मुंबईकरांना सोडून द्यावेत. आणि अक्षय तृतीयेच्या आधीचे आठ दिवस टाळावेत. त्या सणाला घरोघर आमरस लागतो, बागायतदाराला त्या आठवड्यात जेवायलाही फुरसत नसते. त्या वेळी आपण जाऊन उभे राहिलो तर 'घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं' अशी त्याची गत व्हायची.

जायचे कसे आणि राहायचे कोठे?

नागपूरहून निघणारा रत्नागिरीचा महामार्ग यवतमाळ, नांदेड, सोलापूर, कोल्हापूर करत आंबा घाटाने खाली उतरतो. म्हणजे आपल्या कापसाच्या पट्ट्यातून निघालेली सडक थेट आंब्याच्या बागेपाशी संपते. एस.टी.ची गाडी प्रासंगिक करारावर घेतली की तीस-बत्तीस जणांची सोय होते आणि खर्च सारखा वाटला जातो. जायला-यायला दीड-दीड दिवस धरा. घाट रात्री उतरायचा नाही, कोल्हापूरला थांबून सकाळी निघायचे. ज्यांना एवढा बसचा प्रवास सोसत नाही त्यांनी पनवेलला जाऊन कोकण रेल्वे धरावी. २६ जानेवारी १९९८ रोजी ती पूर्ण मार्गावर सुरू झाली. तिकिटाचे आरक्षण आता साठ दिवस आधी उघडते आणि उन्हाळ्यात त्याच दिवशी भरते, हे ध्यानात ठेवावे. रत्नागिरीचे स्टेशन गावाबाहेर आहे, उतरल्यावर पुन्हा वाहन लागते.

राहण्याबद्दल आमचे मत स्पष्ट आहे. हॉटेलात राहायचे नाही. बागायतदाराच्या घरी किंवा बागेतल्या खोल्यांत राहायचे आणि त्याचे जे काही होतील ते पैसे मोजून द्यायचे. २०२० साली राज्य सरकारने कृषी पर्यटनाचे धोरण जाहीर केले, त्याखाली नोंद झालेली केंद्रे कोकणात आहेत. काही जणांकडे साधी घरगुती सोय असते. तीस जण एका घरात मावणार नाहीत. म्हणून आठ-आठ जणांच्या चार टोळ्या कराव्यात, प्रत्येक टोळी वेगळ्या बागेत. तोडणीच्या दिवसांत बत्तीस माणसे एका बागेत शिरली तर काम बंद पडते आणि आपल्यालाही काही ऐकू येत नाही. महिनाभर आधी पत्र लिहा, फोन करा, जेवणाचे आणि राहण्याचे दर आधी ठरवा. आपण शेतकरी म्हणून फुकट पाहुणचाराची अपेक्षा धरायची नाही. आपल्या मालाचा भाव मागणाऱ्याने दुसऱ्या शेतकऱ्याचा भाव पाडू नये.

प्रत्येक टोळीत निम्म्या बाया हव्यात. बागेतली निवड, भरणी, आंबापोळी, आमसूल, काजू फोडणे ही पुष्कळशी बायकांच्या हातची कामे. त्यांची मजुरी किती, त्यांचे तास किती, हे आपल्या बायाच नीट विचारून आणतील. पुरुषमंडळी चहा पिऊन परत येतील.

तीन दिवसांत काय पाहायचे?

पहिला दिवस पूर्ण बागेत. पहाटे तोडणी सुरू होते तेव्हा हजर राहायचे. झेल्याने आंबा देठासह कसा उतरवतात, तो जमिनीवर का पडू द्यायचा नाही, हे पाहायचे. दापोलीच्या विद्यापीठाने काढलेला नूतन झेला हातात घेऊन पाहा. साधे हत्यार आहे, पण देठ तुटून चीक फळावर सांडला तर पेटीचा भाव उतरतो, आणि हा झेला ते टाळतो. मग वजनाप्रमाणे निवड, पेंढ्यातली आढी, पेटी भरणे. फवारण्या किती होतात, माकडांचा आणि वानरांचा त्रास किती, राखणीला नेपाळहून आलेले गडी का ठेवावे लागतात, हे विचारायचे. रानडुकरांनी आणि रोह्यांनी गांजलेल्या आपल्या माणसाला हे बोलणे लगेच कळेल. हापूसला 'साका' नावाचा दोष आहे. वरून फळ सुंदर आणि आत गर पांढरा पडलेला. विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 'रत्ना' ही जात काढली, तिच्यात साका होत नाही. तरी बाजार हापूसच मागतो. नावाची ताकद यातून समजते.

दुसरा दिवस बाजाराचा. रत्नागिरीत कृषी पणन मंडळाचे आंबा निर्यात सुविधा केंद्र आहे. अगोदर पत्र देऊन परवानगी घ्यावी. मे २०१४ मध्ये युरोपने फळमाशी सापडली म्हणून भारतीय आंब्याला दार बंद केले होते, ते २०१५ साली उघडले. आंब्यावर कोणती प्रक्रिया करून तो परदेशी धाडतात, ते तेथे समजून घ्यावे. बागायतदार कितीही चांगला असो, एका माशीने त्याचे वर्ष जाऊ शकते. संध्याकाळी मिरकरवाडा बंदरावर जाऊन मासळीचा लिलाव पाहावा. माळकरी मंडळींनी नाकाला उपरणे लावून पाहावा, पण पाहावा. होडी काठाला लागल्यावर माल नासायच्या आत भाव कसा ठरतो, कोण बोली लावतो, मच्छिमाराला उचल कोणी दिलेली असते आणि त्यामुळे त्याचा हात कोठे अडकतो, हे आपल्या मार्केट यार्डातल्या लिलावाशी ताडून पाहावे. वाटेत अर्धा तास थिबा राजवाड्यालाही द्यावा. १८८५ साली इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला पदच्युत केले आणि पुढे रत्नागिरीत आणून ठेवले. १९१६ साली तो तेथेच वारला. त्या लढाईला निमित्त झाले ते सागवानाच्या व्यापारातल्या एका इंग्रज कंपनीच्या दंडाचे. मालाच्या भांडणात राज्येही जातात.

तिसरा दिवस काजू आणि कोकमाचा. कोकमाला २०१६ साली सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या नावाने मानांकन मिळाले. काजूची बी विकली जाते, पण रत्नागिरीच्या बागेत बोंडांचा सडा पडून कुजतो. शेजारच्या गोव्यात त्याच बोंडाची फेणी होते आणि २००९ साली तिला मानांकन मिळाले. फेणी गाळायचा सल्ला आम्ही कोणाला देत नाही. पण एका राज्यात ज्याचे पैसे होतात ते हद्द ओलांडली की कचरा कसे होते, आणि त्या बोंडाचा रस, सरबत, जॅम करण्यात अडचण कोणती, हे विचारायलाच हवे. दुपारनंतर ज्यांना गणपतीपुळ्याला किंवा पावसला जायचे आहे त्यांनी जावे. पण दोन्ही ठिकाणे विरुद्ध दिशांना आहेत. एकच निवडा, नाहीतर दिवस गाडीत जाईल.

पट्टी पाहायला मागा

बाग पाहून सगळे खूश होतील. खरा अभ्यास आहे तो कागदाचा. विश्वास बसला की बागायतदाराला विनंती करा, मागच्या हंगामातली एक पट्टी दाखवा. समजा, एक पेटी मुंबईत दोन हजार रुपयांना गेली. हा आकडा समजण्यापुरता. त्यातून दलाली, हमाली, वाहतूक, पेटी आणि पेंढा वजा करा. मग फवारणी, खत, तोडणी, राखण. मग दलालाकडून पावसाळ्यात घेतलेली उचल आणि तिच्यापायी त्यालाच माल घालण्याची सक्ती. बाग खंडाने दिलेली असेल तर मालकाला काय मिळाले आणि खंडकऱ्याला काय, हे वेगळे विचारा. २०१६ साली राज्याने फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून काढला. तेव्हापासून थेट घरपोच पेटी देणारे बागायतदार आहेत. त्यांच्याकडची तीच पेटी घेऊन शेजारी दुसरा हिशोब मांडा. दारात आलेल्या पाहुण्याला विकलेली पेटी हा तिसरा हिशोब. तिन्ही रकाने भरले की नावाचे पैसे कोणाच्या घरी जातात ते उघडे पडेल. त्या तीन रकान्यांचा कागद आपल्याला आणायचा आहे. आंब्याची पेटी आणली तर ती वेगळी.

येताना मंगळवेढ्याला थांबा

परतीच्या वाटेवर, सांगोल्याच्या पुढे, सोलापूरच्या आधी मंगळवेढे लागते. दुष्काळात ज्यांनी सरकारी कोठारे लोकांसाठी उघडी केली अशी कथा आहे, त्या दामाजीपंतांचे हे गाव. तेथे द्राक्ष नाही आणि आंबाही नाही. तेथे आहे खोल काळी माती, परतीच्या पावसाची ओल आणि मालदांडी ज्वारी. या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे ज्या भाकरीला आपण गरिबाचे अन्न म्हणून खाली मान घालतो, तिलाही गावाचे नाव लागू शकते. ज्वारी पिकवणाऱ्या माणसाने एवढे तरी घरी सांगितले पाहिजे. तेथल्या शेतकऱ्यांनाही तोच प्रश्न विचारा. नाव लागल्यावर पोत्यामागे किती जास्त मिळाले? मिळाले नसेल तर कोठे अडले?

आणि आपला कापूस? पाच क्विंटल कापूस वेचून आणावा तेव्हा १७० किलोची रुईची एक गाठ होते, उरते ती सरकी. ज्या क्षणी आपली गाडी जिनिंगच्या ढिगावर रिकामी झाली, त्या क्षणी आपल्या गावाचे नाव संपले. लांब धाग्याचा, स्वच्छ वेचलेला कापूस आणि कवडी-पालापाचोळा मिसळलेला कापूस एकाच ढिगात. सरकारने २०२० साली 'कस्तुरी कॉटन' नावाने भारतीय कापसाला ओळख देण्याचे जाहीर केले. चांगली गोष्ट आहे. पण त्याचा माग लागतो तो जिनिंगमधल्या गाठीचा. त्या गाठीत कोणत्या शिवाराचा कापूस आहे हे गाठ सांगत नाही. फ्रान्सच्या शेतकऱ्याला हे चालले नसते. एका गावाने एकच वाण पेरला, स्वच्छ वेचला, वेगळा ठेवला आणि वेगळा जिन करून घेतला तर भाव किती पडेल, याचे उत्तर आज आपल्यापैकी कोणाजवळ नाही, कारण हिशोब करून पाहिलेलाच नाही.

म्हणून निघण्याआधी तीन कामे करायची. पहिले, येत्या पंधरा दिवसांत प्रत्येक तालुक्याने आपली नावे द्यावीत, त्यांत निम्मी बायांची असावीत आणि खर्चाची वर्गणी सोबत जमा करावी. दुसरे, चारही टोळ्यांनी आपापल्या यजमानाला पत्र लिहून दिवस आणि दर पक्के करावेत. तिसरे काम सर्वांत महत्त्वाचे. प्रत्येक टोळीने आपल्या गावातल्या एका क्विंटल कापसाचा हिशोब, बियाण्यापासून व्यापाऱ्याच्या चिठ्ठीपर्यंत, कागदावर मांडून सोबत न्यावा. बागायतदार आपल्याला त्याची पट्टी दाखवील तेव्हा आपल्याही हातात आपली पट्टी असली पाहिजे. दोन शेतकऱ्यांचे बोलणे तेथूनच सुरू होते.

परत आल्यावर प्रत्येक टोळीने चार गावांत सभा घेऊन जे पाहिले ते सांगायचे. पुढच्या बैठकीत तो तीन रकान्यांचा कागद आणि आपल्या कापसाचा कागद शेजारी शेजारी ठेवू आणि येत्या खरिपात एखाद्या गावाचा कापूस वेगळा ठेवून पाहायचा का, याचा निर्णय घेऊ. ज्या गावाची तयारी असेल त्याने आजच हात वर करावा.